एकविसावी गाठ

एका चित्राला तीन तास अकरा मिनिटं. मंगळवारी यंत्राने हा आकडा दिला तेव्हा तिला वाटलं, काहीतरी लावायचं राहिलं असेल. बुधवारी सगळं नीट लावून पुन्हा विचारलं, तर तीन तास बारा. दोन मिनिटांच्या फिल्मला दोन हजार आठशे ऐंशी चित्रं लागतात. ऑफिसातली सोळा यंत्रं शुक्रवारी दुपारपर्यंत मोकळी होती. सोळांनी मिळून, न थांबता, न रुसता काम केलं तरी चोवीस दिवस. आणि आई शनिवारी सकाळी निघणार होती.

आई मावशीकडे चालली होती. किती दिवसांसाठी, ते कोणी विचारलं नव्हतं आणि तिनेही सांगितलं नव्हतं. पण मोठ्या बॅगेत उन्हाळ्याचे आणि थंडीचे, दोन्ही कपडे भरलेले होते.

बाबा गेले त्याच आठवड्यात आई जिन्यात घसरली आणि तिचा पाय प्लास्टरमध्ये गेला. ती अंथरुणाला खिळलेली असताना जागेच्या मालकाने बाबांचं विजेच्या मोटारी-पंखे दुरुस्तीचं दुकान परत मागितलं आणि दादाने दोन दिवसांत ते रिकामं करून दिलं. आईला विचारलं नाही. तिला त्रास नको म्हणून नाही विचारलं, असं त्याचं म्हणणं. आईचं म्हणणं काय ते कळायला मार्ग नव्हता, कारण तेव्हापासून ती त्याच्याशी थेट बोलतच नव्हती. तो समोर बसलेला असला तरी ती लेकीकडे बघून म्हणायची, "त्याला विचार, चहा घेणार का." आणि तोही बहिणीकडे बघून म्हणायचा, "अर्धा कप." तीन महिने ती दोघांमधला टेलिफोन झाली होती.

एक गोष्ट मात्र तिने वेळेवर केली होती. दादा टेम्पो घेऊन यायच्या आदल्या दिवशी ऑफिसचा स्कॅनर दुकानात नेऊन तिने चारी भिंती, फळ्या, मोटारींचे सांगाडे, उघडे पंखे, डबे, सगळं टिपून घेतलं होतं. मग तीन महिने, जेवणाच्या सुट्टीत आणि रविवारी, त्या टिपणातून संगणकात दुकान पुन्हा उभं केलं. "जायच्या आधी तुला दुकान दाखवते," असं ती आईला म्हणाली होती.

"रिकामं दुकान काय दाखवतेस?"

"भरलेलं."

 परवा आईला शेजारणीशी बोलताना तिने ऐकलं होतं: "शुक्रवारी दुकानात जाऊन येणार आहे मी." जणू रस्ता ओलांडून जायचं होतं.

ती जिथे काम करायची तिथे न बांधलेल्या घरांची चित्रं काढणारा प्रोग्राम बनवत. पद्धत ऐकायला सोपी. डोळ्यापासून एक किरण सोडायचा, तो कशावर आदळतो ते बघायचं, तिथून तो दिव्याकडे, भिंतीकडे, छताकडे उसळतो, त्याच्या मागे मागे जायचं. असे कोट्यवधी किरण. अडचण एवढीच, की संगणकात प्रत्येक वस्तू बारीक त्रिकोणांची बनलेली असते, आणि एकट्या दुकानात ते नव्वद लाख होते. प्रत्येक किरणाने प्रत्येक त्रिकोणाला "तू माझ्या वाटेत आहेस का?" असं विचारत बसायचं म्हटलं, तर एका चित्रात जन्म जाईल. म्हणून त्रिकोण खोक्यांत भरतात, ती खोकी मोठ्या खोक्यांत, ती आणखी मोठ्या. किरण आधी मोठ्या खोक्याला विचारतो. खोकंच वाटेत नसेल तर आतल्या लाखभर त्रिकोणांना तोंड उघडायची वेळच येत नाही. बाबांना हे कोणी शिकवावं लागलं नसतं. पंख्याचा कपॅसिटर हवा असेल तर ते मोटारींच्या पेटीला हातही लावत नसत.

अशा फांद्या फुटत जाणाऱ्या रचनेला झाड म्हणतात. ऑफिसातल्या प्रोग्रामचं खोक्यांचं झाड मास्तरांनी लिहिलेलं होतं. मास्तर पूर्वी गणित शिकवायचे, त्यावरून हे नाव पडलेलं. आता साठीला आलेले, स्वभावाने फटकळ आणि त्या झाडाच्या बाबतीत हळवे.

"मास्तर, तुमच्या झाडात काहीतरी गडबड आहे."

"माझ्या झाडाला नावं ठेवू नकोस. पंधरा वर्षं फळ देतंय. दुसऱ्यांची अख्खी गृहसंकुलं चार मिनिटांत काढतं आणि तुझी एक खोली निघत नाही? खोलीत बघ काय भरलंयस."

बुधवारची सगळी दुपार ती खोलीत बघत होती. डबे काढून बघितले, मोटारी काढून बघितल्या. काचेच्या बरण्यांवर तिचा दाट संशय होता, कारण काचेत किरण फार घोटाळतात. त्या काढल्या, तर तीन तास सात मिनिटं. खोक्यांचं माप बदललं, एका खोक्यात किती त्रिकोण राहायचे ते बदललं, झाड तोडून पुन्हा लावलं. दर खेपेला अंदाज यायला पंधरा-वीस मिनिटं थांबायचं आणि पडद्यावर तोच आकडा बघायचा. संध्याकाळी तिने कीबोर्ड ढकलला, तो जाऊन कपाला लागला आणि चहा मास्तरांच्या कागदांवर सांडला.

"सांड, सांड," मास्तर म्हणाले. "झाडाला पाणी घातलंस असं समजतो."

तिला हसू आलं नाही. मास्तरांनी कागद झटकले, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि खुर्ची ओढून शेजारी बसले. "घरगुती काम आहे ना हे? कुठलं ठिकाण?"

"वडिलांचं दुकान. मोटार वाइंडिंगचं, जळालेल्या मोटारीत नवी तार भरायचं."

मास्तर पडद्याकडे वळले. "प्रश्नांचं चित्र काढलंस का?" एवढंच म्हणाले.

प्रश्नांचं चित्र म्हणजे वस्तू न दाखवता, कुठल्या जागी किरणांना किती प्रश्न विचारावे लागले तेवढंच दाखवायचं. थोडे प्रश्न तिथे निळं, पुष्कळ तिथे लाल. ते लगेच निघतं. ते तिने काढायला हवं होतं मंगळवारीच. पण चूक आपली नाही अशी खात्री असली की माणूस आरशात बघत नाही.

चित्र आलं. ते लाल होतं. डबे लाल, पंखे लाल, इथवर ठीक. पण छत लाल होतं, जिन्याच्या पायऱ्या लाल होत्या, आणि डावीकडची रिकामी, नुसता चुना दिलेली भिंत, जिच्यावर खिळासुद्धा नव्हता, तीही तितकीच लाल होती.

मास्तर पुढे वाकले. "रिकाम्या भिंतीकडे जाणाऱ्या किरणालासुद्धा हजार प्रश्न? अगं, मग तुझ्या खोलीत असं काहीतरी आहे, जे सगळीकडे आहे."

तिला तेव्हाच कळलं. तरी तिने मुकाट्याने ती वस्तू बंद करून पुन्हा अंदाज मागितला. चार मिनिटं दोन सेकंद.

तो दोर होता.

शेवटची दोन वर्षं बाबांना दिसत नव्हतं. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलं. दुकान रस्त्यापासून तीन पायऱ्या खाली होतं; दार एका कोपऱ्यात, कामाचं टेबल समोरच्या कोपऱ्यात. दारातल्या कडीपासून टेबलाच्या पायापर्यंत बाबांनी एक दोर ताणून बांधला होता. वरून खाली, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, तिरका. तो धरून ते उतरत, चालत आणि बरोबर स्टुलावर जाऊन बसत. वाइंडिंग बांधायच्या सुती दोऱ्याचे चौसष्ट पदर, एकाला एक लागून. पीळ दिलेला नव्हता, कारण पीळ तळहाताला बोचतो. आणि वर ठिकठिकाणी पांढऱ्या फितीच्या गाठी.

स्कॅनरला इतकी बारीक वस्तू नीट दिसत नाही. दोर आला होता तो तुकड्या-तुकड्यांनी, अंधूक. म्हणून तेवढा एक तिने हाताने केला. सगळं दुकान यंत्राने टिपलेलं, दोर तेवढा तिचा. चौसष्टच्या चौसष्ट पदर वेगळे केले, प्रत्येक दारापासून टेबलापर्यंत अखंड. गाठी नंतर मण्यांसारख्या वर ओवल्या. आणि अखंड केला हीच चूक. पदर केसाएवढा बारीक असला तरी त्याचे त्रिकोण दारापासून टेबलापर्यंत पोचत होते, आणि खोक्याला तिरकं होता येत नाही. तिरक्या वस्तूचं खोकं करायचं तर ते या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, वरपासून खालपर्यंत करावं लागतं. म्हणजे दुकानाएवढं. असे हजारावर त्रिकोण, हजारावर खोकी, सगळी दुकानाएवढी. दुकानात कुठूनही कुठेही जाणाऱ्या प्रत्येक किरणाला आधी दोराला विचारावं लागत होतं. रिकाम्या भिंतीकडे जातानासुद्धा.

"सापडलं की!" मास्तर खूश झाले. "काढून टाक. मोकळी झालीस."

"नाही काढायचा."

"अगं, पडद्यावर तो दिसणार बोटाएवढा. कोणाच्या लक्षातही येणार नाही."

"तेवढंच लक्षात येणार आहे, मास्तर. तुम्ही झाडाला कापायला शिकवा ना. लांब वस्तू आली की तिचे भाग करून दोन खोक्यांत ठेवायचे. बाकीचे लोक करतात तसं."

मास्तरांचा चेहरा बदलला. हा त्यांचा जुना वाद होता. काही लोक वस्तूंची वाटणी करतात, काही जागेची. जागेची वाटणी केली की भिंतीवर आलेली वस्तू दोन्ही घरांत मोजली जाते. "एका वस्तूला एक खोकं," ते म्हणाले. "दोन घरी जेवणारा माणूस कोणाच्याच पानाला धड नसतो. आणि शुक्रवारपर्यंत मी मुळापासून झाड बदलू? पंधरा वर्षांचं?"

"मग काय करू?"

"सांगितलं की. काढून टाक."

घरी आली तेव्हा दादा आईच्या बॅगेचं चाक दुरुस्त करत फरशीवर बसला होता. आई पलंगावर औषधांच्या पट्ट्या पिशवीत भरत होती. कोणी विचारलं नाही तरी लेक फणकाऱ्याने सांगत सुटली. दिवसभराचा राग कुठेतरी काढायचा होता.

दादाने मान वर केली नाही. "एका दोरीसाठी अडलंय होय? काढून टाक ना. कॉम्प्युटरमधलीच तर आहे."

पलंगावर औषधांच्या पट्ट्यांची चुरचुर थांबली.

"त्याला म्हणावं," आई लेकीकडे बघून म्हणाली, "काढून टाकायची एवढी हौस आहे तर बॅगेची चाकं पण काढून टाक."

दादाने पाना खाली ठेवला आणि तो हात धुवायला निघून गेला. बराच वेळ नळ चालू होता.

"तूही जरा गप्प बस ना, आई," ती म्हणाली. "मी दोन दिवस त्या दोराशी झगडतेय. अखंड केला म्हणून पस्तावतेय. बाबांनी तरी कशाला एवढा लांबलचक बांधला!"

"त्यांनी बांधला होता तो नुसता दोर. उपयोगाचा नव्हता. पहिल्याच दिवशी मध्येच उभे राहिले आणि मला हाका मारायला लागले. हातात दोर आहे, पण पायरी संपली की नाही ते कळेना, टेबल आलं की नाही ते कळेना. म्हणाले, हा मेला दारातही तोच आणि टेबलापाशीही तोच. कुठेही हात लावा, सगळ्या दुकानभर आहे नुसता." आईने पट्ट्यांना रबर लावला. "मग मी गाठी बांधल्या. विती-वितीवर एक. चाळीस."

"तू?"

"मग काय तू? सहाव्या गाठीला पायऱ्या संपतात, चौदाव्याला उजवीकडे डब्यांची फळी, तिसाव्याला पंखे. चाळीस झाल्या की टेबल. कधीच चुकायचे नाहीत. वर्षभर कुरकुर मात्र केली, तुझी वीत लहान आहे म्हणून."

ती उभ्या उभ्याच ऐकत होती. मग ती स्वयंपाकघरात गेली, तांब्याभर पाणी प्यायली आणि तिथेच ओट्याला टेकून तिने हिशेब केला. चाळीस गाठी, एकेचाळीस तुकडे. प्रत्येक तुकड्याला एका वितीएवढं खोकं.

गुरुवारी सकाळी मास्तर यायच्या आत तिने पदर कापायला घेतले. आधी गाठी आईने सांगितल्या तशा विती-वितीवर, चाळीस करून घेतल्या. झाडाला हात लावला नाही; दोरच कापला. गाठ असेल तिथे प्रत्येक पदर तोडायचा आणि तोडलेली दोन्ही टोकं एकमेकांना अशी भिडवायची की मध्ये किरण शिरायला जागा राहू नये. गाठीच्या फितीखाली सांधा झाकलाच जात होता. पहिल्यांदा टोकं जुळली नाहीत आणि दोर चाळीस ठिकाणी तुटलेला दिसला. तिने ते चित्र घाईने पुसून टाकलं. दुसऱ्यांदा जुळली.

मास्तर मागे येऊन उभे राहिले. "एक हजार चोवीस त्रिकोण होते. आता?"

"बेचाळीस हजारांच्या जरा खाली."

"वा! वजन उतरवायचं म्हणून दोनदा जेवायला बसलीस."

"थांबा."

अंदाज आला. चार मिनिटं एकोणतीस सेकंद. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि प्रश्नांचं चित्र मागितलं. रिकामी भिंत निळी होती. वरच्या कोपऱ्यातून खालच्या कोपऱ्यापर्यंत एकच बारीक, गुलाबी रेघ.

"एका वस्तूला एक खोकं," मास्तर म्हणाले. "नियम मोडला नाहीस. माझ्या झाडाला काही झालेलं नव्हतं, हे लक्षात ठेव."

"ठेवते."

"गाठीवर कापायचं कोणी सुचवलं?"

"आईने."

"त्या कुठे असतात कामाला?" मास्तरांनी विचारलं, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा ती हसली.

दुपारी बाराला सोळाही यंत्रं कामाला लागली. शुक्रवारी ती ऑफिसात आली तेव्हा शेवटचं चित्र होऊन गेलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला. आईने चांगलं लुगडं नेसलं होतं, बाहेर जायचं असल्यासारखं. दादा दाराशी बॅगेजवळ उभा राहिला. बस म्हटलं तर "मी ठीक आहे" म्हणाला.

फिल्म दारापासून सुरू होत होती. कॅमेरा तिने डोळ्यांच्या उंचीवर ठेवला नव्हता, हाताच्या उंचीवर ठेवला होता, दोराला धरून. तीन पायऱ्या उतरल्या. उजवीकडे डब्यांची फळी आली, तांब्याच्या तारेची रिळं आली. आईने डब्यांकडे पाहिलं नाही, रिळांकडेही नाही. तिचा अंगठा टेबलाच्या कडेवरून सरकत होता, थांबत होता, पुन्हा सरकत होता.

"थांबव," ती म्हणाली. "इथे गाठ नव्हती."

"असं कसं? विती-वितीवर एक, चाळीस. तूच म्हणालीस."

"बांधल्या होत्या चाळीस. एकोणिसावी सुटून पडली होती. ते म्हणायचे बांध, मी म्हणायचे उद्या बांधते. राहून गेली." तिने पडद्यावरच्या त्या गाठीवर बोट ठेवलं. "ही नव्हती."

लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार दिवस, सोळा यंत्रं, चौसष्ट पदर, आणि चूक कुठे, तर नसलेली गाठ असण्यात. ती काही बोलणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"एकोणिसावी नाही. एकविसावी."

आईने मान वळवली नाही. "विचार त्याला, त्याला काय माहीत."

"दादा, तुला काय माहीत?"

"सोडताना मोजल्या मी."

"आणि सोडून काय केलंस त्याचं?" हे आईने विचारलं. मध्ये लेकीला घ्यायचं ती विसरली होती.

दादा बॅगेच्या दुरुस्त केलेल्या चाकाकडे बघत राहिला. "आहे. गाडीच्या डिकीत. स्टेपनीखाली."

"तीन महिने?" बहीण ओरडलीच. "आणि मी तिकडे मरत होते! परवा तोंड वर करून म्हणालास, काढून टाक!"

"कॉम्प्युटरमधली म्हणालो होतो," दादा म्हणाला. मग हळू आवाजात, "बाकीचं सगळं गेलं टेम्पोत. हा दोनदा टाकायला काढला. नाही टाकला गेला. तुम्हाला सांगायचं कसं, ते कळेना."

"आण," आई म्हणाली.

तो जिना उतरून गेला आणि आला. दोर आठाच्या आकड्यात नीट गुंडाळलेला होता, बाबा तार गुंडाळून ठेवायचे तसा. आईने कडीच्या बाजूचं टोक शोधलं, डोळे मिटले आणि अंगठा चालवायला सुरुवात केली. ओठ हलत होते. पडद्यावर दुकान थांबलेलंच होतं. बऱ्याच वेळाने अंगठा एका गाठीवरून निघाला तो थांबेना. वीत झाली, दोन विती झाल्या, मग पुढची गाठ लागली.

"एकविसावीच," तिने डोळे उघडले आणि दादाकडे पाहिलं. "तुझं बरोबर."

दादा खुर्ची ओढून बसला.

"तुझ्या त्यातली काढता येईल?" आईने लेकीला विचारलं.

तिने मनात मोजलं. ती गाठ जवळजवळ प्रत्येक चित्रात कुठे ना कुठे दिसत होती. सगळं पुन्हा काढावं लागणार, आणि यंत्रं दुपारीच दुसऱ्या कामाला लागलेली. "सोमवारी," ती म्हणाली. "त्याआधी नाही."

"सोमवारी मी नाही इथे."

"माहीत आहे, आई."

 आईने दादाला बॅग आडवी करायला सांगितली, वरचा कप्पा उघडला, शिवणाच्या डब्यातून पांढऱ्या फितीचा एक तुकडा कापून घेतला. विसाव्या गाठीवर अंगठा टेकवून तिने करंगळी ताणली, आपलीच लहान वीत, आणि करंगळी टेकली तिथे फीत गुंडाळून गाठ मारली. दातांनी ओढून घट्ट केली.

"आता नाही तुझं चुकलेलं," ती लेकीला म्हणाली. "लाव पुढे."